कूट, पापा आणि चौथा वाढदिवस: शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या लेकीचं. वय चार पूर्ण, वजन साधारण १५ किलो, आम्ही राहतो पुण्यात आणि तिच्या बाबाचं घर सोलापूरचं. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दूध, अंडं, गहू, तीळ, डाळी, काजू-बदाम हे सगळं ती व्यवस्थित खाते. वाढदिवस शनिवारी आला, मुलांची पार्टी रविवारी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ठेवली आणि शुक्रवारी संध्याकाळी सासूबाई सोलापूरहून आल्या. त्या शनिवार-रविवारात काय ठरवलं, काय घडलं आणि कशामागे काय कारण होतं, ते सविस्तर लिहिते आहे. 'शेंगदाणे टाळा' हे दोन शब्द डॉक्टरांच्या कागदावर सोपे दिसतात; मराठी स्वयंपाकघरात उभं राहिलं की त्यांचा आवाका कळतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. सव्वा वर्षाची असताना कोणीतरी कौतुकाने तिच्या तोंडात दाण्याच्या लाडवाचा कण घातला. काही मिनिटांत ओठ सुजले, पोटा-पाठीवर गांध्या उठल्या आणि भडाभडा उलटी झाली. दवाखान्यात इंजेक्शन देऊन रात्रभर ठेवून घेतलं. पुढे ॲलर्जीच्या डॉक्टरांनी हातावर थेंब ठेवून, त्यावर बारीक टोचून चाचणी केली. पाव तासात शेंगदाण्याच्या जागी मोठी गांधी उठली. डॉक्टरांनी एक गोष्ट निक्षून सांगितली: नुसती चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून ॲलर्जी ठरत नाही, खाल्ल्यावर प्रत्यक्ष काय झालं तो इतिहास आणि चाचणी दोन्ही जुळायला हवं. तिच्या बाबतीत जुळत होतं. शेंगदाणा हा खरं तर काजू-बदामांचा भाऊबंद नव्हेच, तो हरभरा-वाटाण्याच्या कुळातला. तरी हरभरा तिला चालतो, वाटाणा चालतो. म्हणून सरसकट सगळं बंद करू नका, जे पचतंय ते खात राहू द्या, असं त्यांनी बजावलं.

घरात एक पाउच असतो आणि ती जिथे जाईल तिथे तो जातो. त्यात ॲड्रेनलिनचा (तीव्र ॲलर्जीवर टोचायच्या औषधाचा) अँप्यूल, म्हणजे काचेची छोटी बंद कुपी, एक मिलिलिटरची सिरिंज, सुया, गांध्यांवर देण्याचं सिरप आणि डॉक्टरांच्या अक्षरातला एक कागद. परदेशात मांडीवर दाबलं की आपोआप टोचणारी पेनं मिळतात. आपल्याकडे ती औषधाच्या दुकानात सहज मिळत नाहीत. म्हणून मला आणि नवऱ्याला अँप्यूल फोडून औषध ओढायला शिकवलंय. डोस वजनावर, दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, तिच्यासाठी ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे आमच्या अँप्यूलमधलं ०.१५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. आम्ही संत्र्यावर सराव केला. कागदावर लिहिलंय की नुसत्या गांध्या असतील तर सिरप आणि लक्ष. पण गांध्यांबरोबर उलट्या, खोकला, आवाज घोगरा होणं, धाप किंवा मूल एकदम मलूल होणं यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता इंजेक्शन, मग आडवं ठेवून १०८ ला फोन. सिरपने श्वास सुधारत नाही, हे त्याच कागदावर लाल शाईने.

आता स्वयंपाकघर. दाणे दिसतात ते पदार्थ टाळणं सोपं: चिक्की, लाडू, चिवडा, साबुदाण्याची खिचडी. खरा प्रश्न कुटाचा. काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, मेथीच्या भाजीत, आमटी दाट करायला, थालीपिठाबरोबरच्या दह्यात. कूट हे मिठासारखं गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे "यात दाणे आहेत का?" असं विचारलं की बाई मनापासून "नाही हो" म्हणते आणि ताटात कूट येतं. मी प्रश्न विचारायची पद्धतच बदलली. "दाटपणा कशाने आणलाय?", "फोडणीचं तेल कोणतं?", "वर काय पेरलंय?" असं विचारलं की खरी उत्तरं मिळतात.

तेलाचंही असंच. रिफाइंड शेंगदाणा तेलातून प्रथिनं जवळजवळ निघून जातात आणि ॲलर्जी असते ती प्रथिनांची. लाकडी घाण्याच्या तेलात ती उरू शकतात. गेल्या काही वर्षांत पुण्यात घाण्याच्या तेलाची दुकानं इतकी झालीत की 'घरगुती, शुद्ध, सात्त्विक' असं कोणी म्हणालं की मला आधी तेलाची शंका येते. रविवारचे वडे आम्ही ज्या काकूंना सांगितले होते त्यांनी फोनवर अभिमानाने सांगितलं, "मी रिफाइंडला हातच लावत नाही, सगळं घाण्याच्या शेंगदाणा तेलात." त्यांचं काही चुकलं नव्हतं, आमची ऑर्डर मात्र तिथेच थांबली.

पाकिटाच्या वस्तूंचा त्यामानाने त्रास कमी. लेबलिंगच्या २०२० च्या नियमांनुसार शेंगदाणे, दूध, अंडं, सोया, गहू वगैरे ॲलर्जीकारक घटक पाकिटावर वेगळे सांगावे लागतात. लोक बघतात तो हिरवा ठिपका, आणि त्याचा इथे काहीच उपयोग नाही. शेंगदाण्याची चिक्की पूर्ण शाकाहारी असते. केकच्या बाबतीतही पहिला प्रश्न 'एगलेस का?' हाच येतो. आमच्या लेकीला अंडं चालतं. बटरस्कॉचवरचा कुरकुरीत चुरा नक्की कशाचा आहे, हा आमचा प्रश्न.

शुक्रवारी सासूबाईंची पिशवी उघडली. कडक भाकऱ्या, ज्वारीचं पीठ, नातीसाठी परकर-पोलकं आणि जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला डबा: शेंगाचटणी. खलात कुटलेली, लालभडक, तेल सुटलेली. सोलापूरच्या आईने पुण्यातल्या लेकासाठी दुसरं काय आणायचं? त्यांना नातीची ॲलर्जी माहीत होती. "तिला कोण देतंय? हे माझ्या पोराला," त्या म्हणाल्या. डबा न उघडता दोन पिशव्यांत बांधून गाडीच्या डिकीत गेला आणि सोमवारपासून नवऱ्याने तो ऑफिसात संपवावा असं ठरलं. (ऑफिसातल्या लोकांनी तो एका दुपारीच संपवला, असं नंतर समजलं.)

सासूबाईंना हे पटलेलं नव्हतं. "आमच्या घरात लेकरं शेंगांच्या ढिगावर लोळली. कुणाला काय झालं न्हाई. थोडं थोडं दिलं की सवय हुती," हे त्यांचं म्हणणं. गंमत अशी की या म्हणण्याचा अर्धा भाग विज्ञानाने उचलून धरलाय. लंडनमधल्या संशोधकांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाण्याचे मऊ पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत अजिबात दिले नाहीत. पाचव्या वर्षी न खाणाऱ्या गटात सुमारे १७ टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्या गटात सुमारे ३ टक्के. त्याआधी बरीच वर्षं डॉक्टर धोका असलेल्या बाळांना दाणे उशिरा द्या म्हणत. त्यानंतर सल्ला उलटा झाला. म्हणजे शेंगांच्या ढिगावर लोळण्यात तथ्य होतं. पण हे सगळं ॲलर्जी जडायच्या आधीचं. एकदा जडल्यावर घरच्या घरी 'थोडं थोडं' देणं म्हणजे दवाखाना गाठण्याची तयारी. हे मी त्यांना शुक्रवारी रात्री सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि "झोपा आता," म्हणाल्या.

शनिवारी सकाळी न्हाऊ-माखू घालून, परकर-पोलकं नेसवून औक्षण झालं. निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, अक्षता, आणि तोंड गोड करायला साखर. बाहेरचा पेढा मुद्दाम आणला नव्हता. मग आजी नातीला घेऊन कोपऱ्यावरच्या मारुतीला गेल्या. शनिवार होता. मी पाउच घेऊन मागोमाग.

देवळाबाहेर एक गृहस्थ द्रोणातून गूळ-शेंगदाणे वाटत होते. त्यांनी लेकीपुढेही हात केला. आजींनी नातीचा हात हळूच मागे घेतला, स्वतःची ओंजळ पुढे केली, प्रसाद कपाळाला लावला आणि स्वतः खाल्ला. नातीला कणही दिला नाही. मी लांबून पाहिलं आणि मला बरं वाटलं. प्रसादाला नाही म्हणणं त्यांच्या पिढीला जमणारं नाही, नातीला तो देणंही त्यांनी टाळलं. दोन्ही सांभाळलं.

मग चपला घालताना त्या वाकल्या, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि गालाचा पापा घेतला. "म्हातारी हो गं बाय माझी."

घरी पोचेपर्यंत उजव्या गालावर ओठांएवढा लाल डाग आणि त्याच्या कडेने चार-पाच टपोऱ्या गांध्या. हनुवटीखालीही एक, बोटं लागली होती तिथे. लेक गाल खाजवत होती आणि आजीला म्हणाली, "आजी, तुझा पापा चावला."

पहिलं काम साबण आणि पाणी. गाल, हनुवटी, दोन्ही हात, पोलक्याची बाही. सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश निघत नाही. तो साबणाने किंवा ओल्या पुसण्यांनी निघतो. करोनानंतर प्रत्येक पर्समध्ये सॅनिटायझरची बाटली असते आणि लोक प्रेमाने तेच पुढे करतात. दुसरं काम ओठ, जीभ, आवाज, श्वास बघणं. तिला गाणं म्हणायला लावलं. आवाज स्वच्छ होता. खोकला नाही, उलटी नाही, पोटात दुखत नव्हतं. सिरप दिलं. अँप्यूल आणि सिरिंज टेबलावर काढून ठेवली, फोडली नाही. कातडीला बाहेरून लागलं की त्या जागेपुरत्या गांध्या उठतात, तेवढ्याने सहसा पुढचं काही होत नाही. धोका असतो तो लहान मूल तोच हात तोंडात घालतं याचा. म्हणून हात धुणं औषधाइतकंच तातडीचं. डॉक्टरांना फोन केला, फोटो पाठवला. काही तास नजरेसमोर ठेवा, एवढंच त्यांनी सांगितलं. दुपारी जेवणापर्यंत गाल पूर्ववत झाला.

इंजेक्शन का दिलं नाही, हे नात्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं; तितक्याच जणांनी पहिल्या गांधीबरोबरच दवाखान्यात का नेलं नाही, असंही विचारलं. दोघांना उत्तर तोच लाल शाईचा कागद. एकाच जागची कातडी, बाकी काहीही नाही. दुसरी एकही खूण दिसली असती तर मी टोचलं असतं, आणि त्यात थांबून विचार करायचा नसतो. संशय असेल तर दिलेलं बरं, कारण नेमक्या डोसने नुकसान जवळजवळ होत नाही, उशिराने होतं.

सासूबाई देवघरासमोर बसून राहिल्या होत्या. रडल्या नाहीत, त्या रडणाऱ्यातल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी दिलं न्हाई गं तिला." मी म्हटलं, "आई, तुम्ही दिलं नाहीत, मी बघत होते." मग त्यांनी जे विचारलं त्याने दुसऱ्या दिवशीचा रविवार वळला: "मग तोंडातनं जातंय तर किती वेळ राहतंय?"

हा प्रश्न शेजारपाजारच्या, नात्यातल्या कोणी आजवर विचारला नव्हता. उत्तर असं की दात घासले, चूळ भरली तरी लाळेत अंश राहू शकतो. काही तास जाऊ देणं आणि मधे दुसरं काही जेवणं हाच उपाय. त्यांनी हिशेब केला. "म्हणजे मी हितं असेस्तवर खायाचंच न्हाई." आणि मग, "उद्याच्या पार्टीला पोरं काय काय खाऊन येणार?"

तोवर आमची योजना, बहुतेक घरांत असते तीच, म्हणजे लेकीचा वेगळा डबा. बाकीच्यांना भेळ, केकवाल्या ताईंचा केक, आणि हिला घरचं. ही पद्धत मला कधीच आवडली नव्हती. चार वर्षांच्या मुलीला तिच्याच वाढदिवशी वेगळी ताटली देणं वाईट दिसतं हा एक भाग. पण मुख्य म्हणजे वेगळ्या डब्याने धोका कमी होत नाही. वीसेक मुलं एकाच खोलीत, कुणाच्या हाताला भेळ, तेच हात फुग्याला, तेच घसरगुंडीला, तेच वाढदिवसाच्या मुलीच्या गळ्यात. शनिवारी पाप्याने जे केलं ते रविवारी वीस ठिकाणी होऊ शकलं असतं. म्हणून पार्टीतल्या सगळ्यांचंच जेवण शेंगदाण्याविना करायचं ठरलं, आणि स्वयंपाकघराचा ताबा सासूबाईंनी घेतला.

मला वाटतं, या प्रकरणातला सगळ्यात कामाचा निर्णय हाच, आणि तो मी घेतलेला नाही. वर्षभर मी त्यांना 'हे नको, ते नको' सांगत होते आणि त्या ऐकून घेत होत्या. काय करायचं हे त्यांच्या हातात आल्यावर त्या माझ्यापेक्षा कडक झाल्या. भेळ रद्द, फरसाणात दाणे असतात आणि चुरमुरे विकणाऱ्याच्या दुकानात एकच माप सगळ्या पोत्यांत फिरतं, हे त्यांनीच दाखवून दिलं. इडल्या, साधा बटाट्याचा रस्सा, काकडीची कोशिंबीर आणि रव्याचा केक. कोशिंबिरीला कुटाऐवजी डाळं दळून घातलं. मी खोबरं सुचवलं होतं, पण "खोबऱ्यानं पाणी सुटंल, डाळं पाणी धरतं," हा त्यांचा निकाल. आणि कोशिंबीर संध्याकाळपर्यंत खरंच घट्ट राहिली. मिक्सरचं भांडं त्यांनी स्वतः घासलं, झाकणाची रबरी रिंग काढून. त्या रिंगेखालून जुन्या कुटाची करडी रेघ निघाली, ॲलर्जी कळायच्या आधीच्या दिवसांतली. ती बघून मी काही क्षण गप्प झाले, कारण ते भांडं रोज वापरात होतं.

पालकांना संदेश गेला तो मुद्दाम छोटा ठेवला: लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, म्हणून बाहेरचा खाऊ आणू नका, आल्यावर साबणाने हात-तोंड धुवायची सोय केली आहे. कारणं दिली नाहीत, दिलगिरी नाही, 'शक्य असल्यास'ही नाही. आधीच्या वर्षी मी लांबलचक समजावून लिहिलं होतं आणि त्यावर ग्रुपवर आयुर्वेदापासून होमिओपॅथीपर्यंत सल्ले आले होते. या वेळी नुसते अंगठे आले. एका बाबांनी फक्त विचारलं, "आम्ही दुपारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, चालेल ना?" असा प्रश्न येणं म्हणजे संदेश पोचला.

रविवारी क्लबहाउसच्या दारातल्या बेसिनपाशी सासूबाई नेसत्या नऊवारीचा पदर खोचून उभ्या. हातात टॉवेल, बाजूला साबण. प्रत्येक पोराचे हात त्या धूत होत्या, नाव विचारत होत्या आणि तोंड पुसत होत्या. पोरांना तो खेळच वाटला. दोघंतिघं रांगेत पुन्हा लागली. एक कुटुंब लोणावळ्याहून परस्पर आलं आणि येताना चिक्कीचा मोठा बॉक्स घेऊन. संदेश त्यांनी वाचलाच नव्हता. त्यांना दारात अवघडल्यासारखं होणार, तेवढ्यात सासूबाईंनी बॉक्स दोन्ही हातांनी घेतला, "लय छान, घरी नेते सोलापूरला," म्हणाल्या आणि लेकाला हाक मारली. बॉक्स डिकीत, शेंगाचटणीच्या शेजारी. त्या घरातल्या मुलाचे हात मात्र त्यांनी दोनदा धुतले.

पार्टी बाकी सर्वसाधारण. रव्याच्या केकवर क्रीम कमी म्हणून दोन मुलांनी तोंड फिरवलं, खुर्चीच्या खेळात रडारड झाली, फुगे सगळे फुटले. परतीच्या भेटीत खाऊ ठेवला नव्हता, रंगीत खडू आणि रंगवायची वही दिली. लेकीने पहिल्यांदाच पार्टीत सगळ्यांच्या ताटात होतं तेच खाल्लं आणि इडली तीनदा मागितली. पाउच माझ्या खांद्यावरच होता.

सोमवारी डॉक्टरांना सगळं सविस्तर सांगितलं. पाप्याच्या प्रसंगावरून तिची ॲलर्जी वाढली की कमी झाली, यातलं काहीच सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. दूध-अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांची वयाबरोबर जाते. शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाचीच. म्हणून दरवर्षी चाचणी, आणि आकडा उतरला तर दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, मोजून मापून खायला देऊन बघायचं. मोजक्या, वाढत्या मात्रेने शरीराला सवय लावण्याचे उपचारही जगात होतात, तेही देखरेखीखालीच. सासूबाईंनी फोनवर हे ऐकलं आणि लगेच, "म्हंजे थोडं थोडं देत्यातच की!" मी म्हटलं, "हो आई, पण डॉक्टरांच्या हाताने." तो उपचार करायचा की नाही हे पुढच्या चाचणीनंतर ठरेल. तोवर आमच्या पुण्याच्या घरात डाळ्याचं कूट, आणि सोलापूरला नात जाईल त्याच्या आदल्या दिवसापासून शेंगांचं पोतं शेजारच्या वाड्यात, असं त्यांनी जाहीर केलं आहे.